टिकाऊ मासळीबद्दल गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत नेमकं काय सांगावं?

भरतीओहोटी:
नमस्कार मंडळी. आम्ही काही मैत्रिणी मिळून मासळी विकत घेणाऱ्या लोकांशी बोलायचं काम करतो, शाळा, प्रदर्शनं, जिथे कुणी बोलावेल तिथे एक टेबल लावायचं आणि समुद्रातली मासळी संपू नये म्हणून घेताना काय बघावं ते सांगायचं. सध्या आमच्याकडे हिरवी, पिवळी, लाल अशी यादी आहे, हिरवी बिनधास्त घ्या, लाल टाळा. लोक थांबतात, फोटो काढतात, छान काम करताय म्हणतात, पण तीच माणसं महिन्याभराने भेटली की यादीतलं एकही नाव त्यांना आठवत नाही. काही जण तर यादी बघूनच वैतागतात, मग खायचं तरी काय असं विचारतात, आणि खाऊच नका असं तर आम्हाला मुळीच सांगायचं नाहीये.

एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा आकडा मी सुरुवातीलाच सांगते, की १९७४ साली जगातले ९० टक्के मासळीसाठे झेपेल एवढ्याच मासेमारीत होते आणि २०२१ मध्ये ते प्रमाण ६२.३ टक्क्यांवर आलं. ऐकून लोक हळहळतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. समोरचा माणूस फार तर पाच मिनिटं उभा राहतो, तेवढ्यात त्याच्या डोक्यात काय घालावं जे तो खरंच खरेदीच्या वेळी वापरेल? मासळीतले जाणकार, मासेमारीतले, हॉटेलातले, सगळ्यांनी सांगा प्लीज.

खडा_आणि_खवलं:
ताई, मी मासळीचं वय आणि साठे मोजण्याच्या कामात बरीच वर्षं होतो, त्यावरून सांगतो, यादी टेबलावर ठेवा पण सुरुवात तिच्यापासून करू नका. यादी ही ठरावीक समुद्राची, ठरावीक वर्षाची असते. अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना बघा, धोक्यातल्या जातींची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन संस्थेने २०११ मध्ये त्याला धोक्यातल्या जातींत टाकलं होतं, पकडण्याचा कोटा कमी केला, बेकायदा मासेमारीवर पहारा बसवला, आणि २०२१ मध्ये तोच मासा सगळ्यात कमी काळजीच्या गटात आला. ज्याने जुनी यादी पाठ केली तो अजून लालच म्हणत बसलाय आणि ज्यांनी इतकी वर्षं कमी पकडून तो साठा वर आणला त्यांचा माल नाकारतोय.

त्यापेक्षा लोकांना मासा किती लवकर वयात येतो हे सांगा. हे एकदा कळलं की माणूस नाव न आठवता पण बराचसा अंदाज बांधू शकतो. तारली, बांगडा, अँकोव्ही असले छोटे मासे एक-दोन वर्षांत अंडी घालायला लागतात, साठा घसरला तरी संधी मिळाली तर लवकर सावरतो (त्यांनाही हद्द आहे, पेरूच्या अँकोव्हीचा साठा १९७२ मध्ये एल निनो आणि बेसुमार मासेमारी एकत्र आल्यावर कोसळला होता). उलट ऑरेंज रफी नावाचा खोल समुद्रातला मासा वयात यायलाच तीसेक वर्षं घेतो आणि शंभरीच्या पुढे जगतो. १९८० च्या दशकात न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला त्याचे थवेच्या थवे सापडले, ट्रॉलर तुटून पडले, आणि काही वर्षांतच कितीतरी ठिकाणचे साठे रिकामे झाले. ताटात येणारा तो मासा खाणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मुशीचंही तसंच, वयात उशिरा येते, पिल्लं मोजकी, म्हणून शार्कच्या बहुतेक जाती इतक्या पटकन कमी होतात.

टेबलावर ठेवायला एक वस्तू सुचवतो. हाडाच्या माशांच्या डोक्यात, कानाच्या आतल्या भागात चुन्याचा एक छोटा पांढरा खडा असतो, काही जातींत नखाएवढा. तो मधून पातळ कापून भिंगाखाली धरला की एकाआड एक फिकट-गडद कडी दिसतात, जोमाने वाढ झाली त्या मोसमाचं एक आणि वाढ मंदावली त्या मोसमाचं एक, त्या मोजून आम्ही वय काढतो. असे दोन काप शेजारी ठेवा, एक दोन वर्षांच्या माशाचा, एक वीस वर्षांच्या, आणि लोकांना स्वतः मोजू दे. मुलं तर तिथून हलत नाहीत आणि मुलं हलली नाहीत की आईवडलांनाही थांबावं लागतं.

मग आकाराचं सांगा. एकदाही अंडी न घातलेला बारका मासा घेऊ नका हे लोकांना लगेच पटतं, पण दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही, की खूप मोठी म्हातारी मादीसुद्धा समुद्रातच राहिलेली बरी. बहुतेक जातींत दुप्पट वजनाची मादी दुपटीहून बरीच जास्त अंडी घालते. त्यामुळे बारकंही नको आणि राक्षसी मोठंही नको, मधल्या मापाचा घ्या, एवढं वाक्य माणसाच्या लक्षात राहतं. वयात आलेला मासा केवढा असतो ते दाखवायला प्रत्येक जातीचं खऱ्या मापाचं चित्र कागदावर काढून टेबलावर चिकटवा.

यादीवाला:
खडा सर म्हणतात ते बरोबर आहे पण मी यादीच्या बाजूने बोलणार. दुकानात माणूस घाईत असतो, मागे रांग असते, तिथे वयात यायची वर्षं कोण आठवणार, रंग चटकन कळतो. अमेरिकेत माँटेरी बे मत्स्यालयाने १९९९ पासून सीफूड वॉच म्हणून हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाची खिशातली कार्डं काढली, करोडो वाटली गेली, आणि मोठमोठे खरेदीदार त्यावरून माल ठरवायला लागले. ताई तुमची यादी चुकीची नाहीये, ती फार लांब असेल. पाच नावांची करा, तुमच्या भागात जी सगळ्यात जास्त खपतात तेवढीच, खाली तारीख टाका आणि दरवर्षी बदला.

गळ_टाकून:
मी मासेमारी करणाऱ्या घरातला, आता स्वतः बोटीवर जात नाही पण भाऊ जातो. ताई एक विनंती आहे, तुमच्या टेबलावर मासेमारी करणारा खलनायक होऊ देऊ नका. बारकी मासळी जाळ्यात यावी असं आम्हाला पण वाटत नाही, तिला भाव येत नाही आणि पुढच्या वर्षीचं पोट त्यातच असतं.

लोकांना 'कोणता मासा' इतकंच 'कशाने पकडला' हे शिकवा, कारण एकच जात एका पद्धतीने बरी आणि दुसऱ्या पद्धतीने वाईट असं होतं. ट्यूना गळाने एकेक काढला तर नको असलेलं जवळजवळ काही येत नाही. तोच ट्यूना पाण्यावर तरंगते ओंडके किंवा तराफे सोडून त्यांच्या सावलीला जमलेला अख्खा थवा मोठ्या पर्ससीन जाळ्याने वेढला तर स्किपजॅक जातीच्या ट्यूनाबरोबर बिगआय आणि यलोफिन या ट्यूनांची लहान पिल्लं, मुशी, जे जमलेलं असेल ते सगळं येतं. मैलोन्‌मैल लांब दोरीला हजारो गळ लावतात त्याला कासवं लागतात, आमिषावर झडप घालणारे अल्बट्रॉस पक्षी अडकून बुडतात. त्यावर उपाय पण आहेत, रात्री दोरी सोडायची, बोटीमागे फडफडणाऱ्या पट्ट्या लावायच्या, दोरीला वजन लावून ती पटकन खाली न्यायची, आणि जे हे करतात त्यांचा माल गिऱ्हाईकाने ओळखून घेतला पाहिजे ना?

कोळंबीचं सांगतो. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलमध्ये कोळंबी थोडी आणि बाकीचंच जास्त असं कितीतरी वेळा होतं. त्या जाळ्यात कासवासाठी गजांची एक तिरकी जाळी बसवतात, वर नाहीतर खाली बाहेर पडायला झडप असते, कोळंबी गजांतून मागे जाते आणि कासव गजांवर आपटून झडपेतून सुटतं. नीट बसवली तर ९७ टक्के कासवं सुटतात. एवढीशी गोष्ट आहे, पण दोन बोटींच्या मालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि दुकानात दोन्ही कोळंबी सारखीच दिसते.

आणि टेबलावर जाळ्याचा एक तुकडा ठेवा. नेहमीच्या जाळ्याची भोकं शंकरपाळ्यासारखी असतात, तो तुकडा दोन्ही टोकांना धरून लांबट ओढा, भोकं मिटून जातात, बोटसुद्धा जात नाही. बोट ओढत असते तेव्हा पाण्याखाली हेच होतं, कागदावर भोक कितीही मोठं असू दे. आता तोच तुकडा तिरका फिरवून भोकं चौकोनी उभी राहतील असा धरा आणि परत ओढा, भोक उघडंच राहतं आणि बारका मासा निघून जातो. चौकोनी भोकाचं जाळं का लावायला सांगतात ते हातात धरल्यावर एका मिनिटात कळतं, तासभर भाषण देऊन कळत नाही.

भरतीओहोटी:
दादा, खडा सर, मनापासून आभार. जाळ्याचा तुकडा आणि खड्याचे काप दोन्ही नक्की करणार. कुणाला दोष द्यायचा हेतू कधीच नव्हता पण आमच्या पोस्टरवर ट्रॉलरचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली आहे, ती काढतो.

आता दुसरं, आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: समुद्रातली नको तर मग पाळलेली मासळी घेतली की झालं ना? याचं सरळ उत्तर मला देता येत नाही.

तळ्यातलं_मळ्यात:
सरळ उत्तर आहे, 'काय पाळलंय आणि त्याला काय खायला घालतात ते विचारा'. आता हा लहान विषय राहिला नाही, २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झालं आणि पहिल्यांदाच ते पकडलेल्या मासळीच्या पुढे गेलं. म्हणजे टेबलावर तुम्ही फक्त समुद्राचंच बोललात तर निम्म्या मालाबद्दल काहीच बोलला नाहीत.

सगळ्यात बिनघोर म्हणजे शिंपल्या आणि कालवं. त्यांना काहीच खाऊ घालावं लागत नाही, पाण्यातले बारीक कण गाळून खातात, मोठं कालव चांगल्या परिस्थितीत दिवसाला दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी गाळतं. दोऱ्यांवर किंवा जाळीच्या पिशव्यांत वाढवली तर तळालाही धक्का नाही. पाणी मात्र स्वच्छ पाहिजे, घाण पाण्यातली शिंपली खाणाऱ्याला आजारी पाडते. त्यानंतर तिलापिया, कटला, रोहू सारखे मुख्यतः शाकाहारी खाद्यावर वाढणारे मासे. सॅल्मन हा मांसाहारी, त्याच्या खाद्यात समुद्रातल्या छोट्या माशांची पूड आणि तेल लागतं, हे प्रमाण गेल्या काही दशकांत बरंच खाली आलंय, सोया वगैरे घालतात, पण शून्य झालेलं नाही. शिवाय उघड्या जाळीच्या पिंजऱ्यातून उवा, रोग, सुटलेले मासे बाहेरच्या सॅल्मनकडे जातात, म्हणून बंद टाकीतलं की उघड्या पिंजऱ्यातलं हा प्रश्न विचारायचा.

कोळंबीच्या तळ्यांसाठी कितीतरी देशांत खारफुटी कापली गेली, आणि त्याच खारफुटीच्या मुळांत समुद्रातल्या मासळीची पिल्लं वाढतात. म्हणजे एक तळं खोदताना बाहेरचा पाळणा मोडला. सगळी तळी अशी नसतात, खारफुटीच्या मागे, पाणी साफ करून सोडणारी पण आहेत, त्यासाठीच पाळलेल्या मासळीला मिळणारं एएससीसारखं प्रमाणपत्र २०१० नंतर आलं.

आणि ईल. हे लोकांना आवर्जून सांगा कारण इथे 'पाळलेली' हा शब्द ऐकून माणूस पूर्ण फसतो. ईलची पैदास बंदिस्त जागेत व्यापारी प्रमाणावर अजून जमलेली नाही, त्यामुळे पाळलेली ईल म्हणजे समुद्रातून नदीत येणारी काचेसारखी पारदर्शक पिल्लं पकडून तळ्यात मोठी केलेली. युरोपातली ईल अतिशय धोक्यात आहे, तिच्या व्यापारावर २००९ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे आणि तरी पिल्लांची तस्करी चालते.

रोखठोक_४२:
सगळ्यांचं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मला मूळ प्रश्नच खटकतो. समुद्र वाचवायचं ओझं पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसावर का? कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड घ्या. १९६८ मध्ये एका वर्षात सुमारे ८ लाख टन काढला, तेव्हा परदेशी ट्रॉलर होते, पुढे ते हाकलले तर देशातलेच ट्रॉलर वाढवले, साठ्याचा अंदाज फुगीर धरला आणि कोटे त्या अंदाजावर दिले. किनाऱ्यावरचे छोटे मासेमार मासा बारीक होतोय म्हणून ओरडत होते तरी दुर्लक्ष झालं. २ जुलै १९९२ ला बंदी आली आणि ३० हजारांच्या आसपास लोकांची कामं गेली. तिथला एखादा गिऱ्हाईक कॉड खाणं सोडून काय करणार होता? सरकारनं कोटा वेळेवर कमी करायला हवा होता, बस. लोकांना खरेदी कशी करायची ते शिकवण्यापेक्षा मागणी कुणाकडे करायची ते शिकवा.

मुदपाक:
रोखठोक, तुमचा राग पटतो, पण दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या की काय होतं याचं उदाहरण पण आहे. अटलांटिकमधला स्वोर्डफिश. नव्वदच्या दशकात इतके बारके यायला लागले होते की पकडलेल्यांपैकी पुष्कळ मासे वयातही आलेले नसत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या काही शेफनी ठरवलं की आम्ही हा मासा मेन्यूतून काढतो, आणि बघता बघता शेकडो शेफ त्यात आले. पण ते नुसतं 'खाऊ नका' म्हणाले नाहीत, त्यांच्याबरोबरच्या पर्यावरण संस्थांनी पिल्लं वाढतात त्या भागात लांब दोरीचे गळ बंद करा ही मागणी लावून धरली. १९९९ मध्ये अटलांटिकच्या ट्यूना आयोगाने सावरण्याची योजना केली, अमेरिकेने काही भाग बंद केले, आणि २००९ मध्ये उत्तर अटलांटिकचा साठा पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. गिऱ्हाईकाचा नकार तात्पुरता होता, मागणी नेमकी होती, आणि मासा परत आल्यावर तो परत मेन्यूवर आला. हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं मला, कारण मासेमाराला पण दिसलं पाहिजे की सुधारणा केली की गिऱ्हाईक परत येतं.

मी स्वयंपाकघरात काम करते म्हणून सांगते, एक शेफ बदलला की शेकडो ताटं बदलतात. भरतीओहोटी ताई, प्रदर्शनातल्या पाच मिनिटांइतकाच वेळ जेवण बनवणाऱ्यांवर घाला. लोक ओळखीचे चार मासे सोडून बाकी घेत नाहीत त्याचं मुख्य कारण म्हणजे करायचं कसं ते माहीत नसतं. काटे जास्त असलेला छोटा मासा साफ कसा करायचा, उग्र वासाचा कशात मुरवायचा, शिळा कसा ओळखायचा हे हाताने दाखवलं की मागणी आपोआप पसरते. आणि डोकं, कातडी, काटे यांचा रस्सा. जगभरात पकडलेल्या-पाळलेल्यापैकी साधारण एक तृतीयांश वाटेत किंवा घरात वाया जातं, तो आकडा कमी करायला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही.

अजून एक, गोठवलेला मासा म्हणजे हलका हा समज मोडा. बोटीवरच लगेच गोठवून जहाजाने आलेला मासा, विमानाने आलेल्या 'ताज्या' माशापेक्षा हवामानाला खूपच कमी भार देतो, आणि चवीला कित्येकदा चांगला असतो.

यादीवाला:
लेबलबद्दल पण लिहा ताई. एमएससीची निळी खूण १९९७ मध्ये सुरू झालेल्या संस्थेची, ती पकडलेल्या मासळीसाठी. एएससी पाळलेल्यासाठी. 'डॉल्फिन सेफ' हे ट्यूनाच्या डब्यावर १९९० पासून दिसतं, ते फक्त डॉल्फिनपुरतं बोलतं, ट्यूना किती उरलाय, मुशी किती मेल्या याबद्दल काहीच नाही, आणि लोक ते वाचून निर्धास्त होतात. कोणती खूण काय सांगते आणि काय सांगत नाही एवढा एक छोटा तक्ता पुरे.

नाव बदलून विकणं हा पण प्रकार आहे. ओशियाना संस्थेने अमेरिकेत १,२१५ नमुन्यांचा डीएनए तपासला, २०१३ मध्ये अहवाल आला, एक तृतीयांश नमुन्यांवर नाव चुकीचं होतं. युरोपात डिसेंबर २०१४ पासून बऱ्याचशा मासळीवर जातीचं शास्त्रीय नाव, पकडलेली की पाळलेली, कुठल्या समुद्रातली आणि कुठल्या साधनाने हे सगळं लिहावं लागतं. रोखठोक म्हणतात ती मागणी हीच असू शकते, जिथे हा नियम नाही तिथे तो मागा.

गळ_टाकून:
यादीवाले, तुमच्याच सीफूड वॉचने २०२२ मध्ये अमेरिकेचा लॉबस्टर लाल केला ते पण सांगा. लॉबस्टर भरपूर होता, तिथले लोक अंडी असलेल्या मादीच्या शेपटीला खाच पाडून तिला परत सोडतात, पुढे कुणालाही ती दिसली तर सोडायचीच, इतकं जपतात. पण सापळ्यांच्या उभ्या दोऱ्यांत राइट व्हेल अडकतात, आणि ते ४०० च्या आत उरलेत. व्हेल वाचलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण नुसता लाल ठिपका बघणाऱ्याला वाटतं हे लोक लॉबस्टर संपवतायत. दोरीविना सापळा वापरून बघताहेत, तो महाग आहे, त्याला मदत हवी, हे ठिपक्यात कसं मावणार. म्हणून म्हणतो लाल का आहे ते एका ओळीत लिहा.

भरतीओहोटी:
लिहिते, दादा. प्रत्येक लाल नावापुढे कारण आणि काय बदललं तर हिरवं होईल ते, अशी दोन खणांची यादी करतो, आणि नावं पाचच. टेबलावर जाळं, खडे, खऱ्या मापाची चित्रं. आणि घ्यायला येणाऱ्याला चार प्रश्न द्यायचे ठरवलंय, कुठला मासा, कुठून आला, कशाने पकडला किंवा कशावर वाढवला, आणि या जातीत हा वयात आलेला आहे का.

एकच शंका उरली. विकणारा म्हणाला 'मला नाही माहीत', तर गिऱ्हाईकाने काय करायचं? बहुतेक वेळा तेच उत्तर मिळतं आणि माणूस ओशाळून गप्प बसतो.

मुदपाक:
ओशाळायचं नाही आणि भांडायचं पण नाही. 'पुढच्या वेळी विचारून ठेवाल का' एवढं म्हणायचं आणि त्या दिवशी छोटी, लवकर वाढणारी जात किंवा शिंपल्या घ्यायच्या, त्यात फसायची शक्यता कमी. मी माल घेते तेव्हा असंच करते. पुरवठा करणाऱ्याला पहिल्यांदा कुठल्या बोटीचा माल ते सांगता येत नव्हतं, मी आणि आजूबाजूची दोन-तीन स्वयंपाकघरं दर वेळी विचारत राहिलो तसं तो बिलावर पकडल्याची जागा आणि साधन लिहून द्यायला लागला. एकट्याने विचारलं तर वेळ लागतो, म्हणून टेबलावर येणाऱ्यांना सांगा की घरातल्या बाकीच्यांना आणि शेजाऱ्यांना पण तोच प्रश्न विचारायला लावा, त्याच दुकानात, त्याच आठवड्यात.